इथे कॅप राउंड नसतो

एरवी या सदरात मधुमेह, गुडघे आणि ‘रात्री भात खाल्ला तर चालेल का’ अशी पत्रं असतात. पण दिवाळी उलटली की माझ्या टपालात दुसरीच गर्दी होते. एमबीबीएस झालेली मुलं लिहितात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे आपल्या एमडीसारखं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, कशी मिळते? मी अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजची. पहिल्या वर्षी मला कुणी घेतलं नाही, दुसऱ्या वर्षी घेतलं. आता ओहायोतल्या एका हॉस्पिटलात मेडिसिन शिकवते, आणि दर ऑक्टोबरात नव्या मुलांचे अर्ज वाचायला बसणाऱ्या पाच जणांत मीही असते. म्हणून हा महिना या पत्रांना दिला. नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला स्टेप टूमध्ये २४८ गुण आहेत. इंटर्नल मेडिसिनचा कटऑफ साधारण कितीला बंद होतो? एका सल्लागाराने २२ लाखांत ‘खात्रीची जागा’ सांगितली आहे. निम्मे आगाऊ मागतो. द्यावेत का? — एक वडील, बार्शी

देऊ नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आधी.

‘कटऑफ’ शब्द वाचून मला माझे बाबा आठवले. तेही फोनवर हेच विचारायचे, ‘अगं, पण शेवटची जागा कितीवर गेली?’ आपल्याकडे नीट-पीजीची गुणवत्ता यादी लागते, कॅपच्या म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या होतात, आणि ज्याचा नंबर वर तो आधी जागा उचलतो. तिकडे अशी यादीच नसते. मुलगी आधी स्टेप वन, स्टेप टू या तिकडच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देते. फिलाडेल्फियाची ईसीएफएमजी ही संस्था तिची डिग्री आणि कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र देते. सप्टेंबरात ती ईरास नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून शेकडो हॉस्पिटलांपैकी निवडक ठिकाणी अर्ज करते. हॉस्पिटलं त्यातल्या काहींना मुलाखतीला बोलावतात. मुलाखती २०२०पासून बहुतेक करून व्हिडिओवरच होतात. मग मुलगी आपल्या पसंतीची क्रमवार यादी देते आणि हॉस्पिटल त्यांच्या पसंतीची. मार्चमध्ये संगणक या दोन याद्या जुळवतो. याला मॅच म्हणतात, आणि हे १९५२पासून चालू आहे.

संगणक काय करतो ते सांगते, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. समजा, तुमच्या लेकीने ब्रुकलिन, डेट्रॉइट, टोलेडो या क्रमाने तीन हॉस्पिटलं लिहिली. संगणक तिला आधी ब्रुकलिनच्या दारात उभं करतो. तिथे जागा शिल्लक असेल आणि ब्रुकलिनने तिचं नाव यादीत लिहिलं असेल, तर तिला तात्पुरतं आत बसवतो. जागा भरलेल्या असतील, पण आत बसलेल्यांपैकी एखाद्यापेक्षा हिचं नाव वर असेल, तर तो उठतो आणि ही बसते. उठलेला आपल्या यादीतल्या पुढच्या दारात जातो. ब्रुकलिनमध्ये नाहीच जमलं, तर ती डेट्रॉइटच्या दारात. ‘हिने आम्हाला दुसरं लिहिलं’ म्हणून डेट्रॉइट तिला मागे ढकलू शकत नाही, कारण तिने कितवं लिहिलं हे त्यांना कळतच नाही. सध्याची रीत अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी बसवलेली, १९९८च्या मॅचपासून चालू आहे. रॉथ यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धाटणीच्या कामासाठी.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की मनापासून जे पहिलं हवं तेच पहिलं लिहायचं. माझ्याबरोबर राहणाऱ्या एका मुलीने ‘तिथे आपल्याला कोण घेणार’ म्हणून आवडतं हॉस्पिटल चौथ्या क्रमांकावर टाकलं. तिचं तिसऱ्यावर जुळलं. नंतर कळलं, त्या चौथ्या ठिकाणी तिचं नाव पुष्कळ वर होतं. आणि एकदा जुळलं की दोघांवर बंधनकारक. ‘दुसऱ्या फेरीत बघू’ हा प्रकार नाही.

आता तुमचे २२ लाख. २०१३पासून नियम असा, की मॅचमध्ये उतरलेल्या हॉस्पिटलाने आपल्या सगळ्या जागा मॅचमधूनच भरायच्या. त्याआधी परदेशी मुलांना ‘प्रीमॅच’ मिळायचं, म्हणजे मुलाखत आवडली की हॉस्पिटल थेट करार पुढे करायचं. सल्लागार मंडळी अजून त्या जुन्या गोष्टींवर दुकान चालवतात. एकाने तर जाहिरातीत आनंदीबाई जोशींचा फोटो छापला होता. आनंदीबाई १८८६मध्ये फिलाडेल्फियातच डॉक्टर झाल्या हे खरं, पण त्या माणसाची फी भरून नव्हे.

खरा खर्च वेगळाच आहे आणि तोही कमी नाही. एकेका स्टेपला हजार डॉलरच्या आसपास. अर्जांना पहिल्या ३० हॉस्पिटलांपर्यंत प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर, म्हणजे १०० अर्ज केले तर २,४३० डॉलर. पैसे राखून ठेवायचेत ते यासाठी. यशाचं म्हणाल, तर २०२५मध्ये एकूण ४३,२३७ जागा होत्या. अमेरिकी एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातली मुलं ९३.५ टक्के जुळली; तुमच्या मुलीसारखी, परदेशी नागरिक आणि परदेशात शिकलेली, ५८ टक्के. २४८ हे गुण चांगले आहेत. पण हा आकडा दार उघडून देतो, आत नेऊन बसवत नाही.

प्रश्न : ताई, टेलिग्रामवर ‘रिकॉल’ विकत मिळतात, सगळे घेतात. आमच्या बॅचचे दोघे त्यावरच पास झाले. घ्यावेत का? — तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

रिकॉल म्हणजे आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून बाहेर फोडलेले प्रश्न. हो, सगळे घेतात असं नेपाळमध्येही वाटत होतं. जानेवारी २०२४च्या शेवटी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नेपाळशी संबंधित मुलांचे निकाल रद्दबातल ठरवले. कोर्टाच्या कागदांत हा आकडा ८३२ आहे. त्यातली काही मुलं तेव्हा अमेरिकेत रेसिडेन्सी करत होती. निकाल बघून नाही, उत्तरांचा नमुना बघून पकडलं: अवघड प्रश्न झटक्यात बरोबर, सोपा चुकलेला, आणि तेच प्रश्न तसेच कित्येकांचे. म्हणजे आज पास झालास तरी तलवार दोन वर्षांनीसुद्धा पडू शकते. त्यात एका स्टेपला जन्मात चारच प्रयत्न.

तो ग्रुप सोड. सरावाचा प्रश्नसंच विकत घे, युवर्ल्डचा घे, मित्राबरोबर निम्मे पैसे घालून नको. रोज ४० प्रश्न वेळ लावून सोडव आणि चुकलेले वहीत लिही. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात इंटर्नशिप करते आहे, सध्या पीएचसीला पोस्टिंग. रिसर्च नाही, अमेरिकेत कुणी ओळखीचं नाही. शिकागोतली महिन्याची ऑब्झर्व्हरशिप अडीच लाखांना पडते आहे. एक जण १५ हजारांत पेपरवर नाव टाकून देतो. आमच्यासारख्यांच्या अर्जात लिहिण्यासारखं काहीच नसतं, हो ना? — इंटर्न

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्याशी भांडायचं आहे, पण आधी कडू भाग.

आमच्या खात्याकडे १२ जागांसाठी तीन हजारांवर अर्ज येतात. माणूस एवढे वाचू शकत नाही. म्हणून आधी चाळण्या लागतात: कुठल्या स्टेपला नापास झालीस का, पदवी घेऊन किती वर्षं झाली, व्हिसा लागतो का, स्टेप टूचे गुण किती. स्टेप वन २६ जानेवारी २०२२पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे आकडा बघायचा तो स्टेप टूचाच. या चाळणीतून खाली पडलीस तर पीएचसीत तू काय केलंस हे कुणी वाचणारच नाही. म्हणून अभ्यास आधी, बाकी सगळं नंतर. १५ हॉस्पिटलांना तुला ‘सिग्नल’ देता येतो, इंटर्नल मेडिसिनला ३ सोनेरी आणि १२ चंदेरी, म्हणजे ‘मला तुमच्याकडे खरंच यायचंय’ असं सांगणं. ते मोठ्या नावांवर उधळू नकोस. ज्यांच्या वेबसाइटवर रेसिडेंटांच्या फोटोंखाली भारत, नेपाळ, पाकिस्तान, नायजेरियातली कॉलेजं दिसतात आणि जे तुझा व्हिसा काढतात, त्यांना दे.

चाळणी पार झाली की अर्ज माझ्या टेबलावर येतो. तिथे मी काय बघते सांगू? पर्सनल स्टेटमेंटची, म्हणजे स्वतःबद्दल लिहिलेल्या निबंधाची, पहिली ओळ. ‘आजोबांना माझ्यासमोर हार्ट अटॅक आला आणि मी ठरवलं...’ गेल्या मोसमात हे आजोबा मला इतक्या वेळा भेटले, की बाजूला बसलेला माझा सहकारी, मूळचा लाहोरचा, नुसता मान वर करून विचारायचा, ‘दादाजी?’ आणि मी हो म्हणायची.

मग एक अर्ज आला होता. मुलगा मराठवाड्यातला, कॉलेज साधं, गुण साधे. त्याने लिहिलं होतं, की त्याच्या पीएचसीत बीपीच्या गोळ्या नेणाऱ्या बायका दुसऱ्या महिन्यात यायच्याच नाहीत. त्याला वाटायचं, अडाणीपणा. मग एका बाईने सांगितलं, ‘साहेब, मंगळवारी कसं यायचं? बाजार बुधवारचा असतो.’ एसटी बुधवारीच धरता यायची, मजुरी बुडवायची ती एकदाच बुडवायची. त्याने मेडिकल ऑफिसरला विनवून बीपीचा दिवस बुधवारी करून घेतला, वहीत नावं लिहिली, आणि चार महिन्यांनी किती जणी परत आल्या ते मोजलं. पेपर नाही, काही नाही. वहीचं एक पान. मुलाखतीत आम्ही पाऊण तास त्यावरच बोललो. ओहायोतसुद्धा माझे पेशंट बस नाही म्हणून येत नाहीत, आणि आम्हाला तो प्रश्न समजणारा रेसिडेंट हवा होता. तो आता आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे.

‘रिसर्च’ म्हणजे काय, तर हे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेली माणसं का मरतात हे प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्ररात्र खाटेशी बसून लिहून काढलं, आणि ते १९८२मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. पुढे मरणारी माणसं प्राझोसिन या औषधाने वाचायला लागली. तू बावस्कर हो असं नाही म्हणत. पण १५ हजारांत नाव विकत घेतलेल्या पेपरवर मी मुलाखतीत दोन प्रश्न विचारते, ‘नमुना किती होता?’ आणि ‘तू स्वतः काय केलंस?’ दुसऱ्या प्रश्नाला मुलांचा चेहरा पडतो. मला तो पडलेला बघवत नाही, पण विचारते.

ऑब्झर्व्हरशिपमध्ये पेशंटला हात लावता येत नाही, मागे उभं राहून बघायचं. तरी ती करावी लागते, कारण तिकडच्या डॉक्टरची दोन-तीन शिफारसपत्रं अर्जात दिसावी लागतात. पण अडीच लाख मोजून गर्दीत उभं राहण्यापेक्षा, जिथे एकच डॉक्टर आणि तू एकटी आहेस असं एखादं छोटं क्लिनिक शोध. ईमेल पाठव. ८० पाठवलेस तर तीन उत्तरं येतील. मला दोनच आली होती. आणि ज्याने तुला काम करताना पाहिलंय त्याचंच पत्र घे. एका हॉस्पिटलाला चारच पत्रं जोडता येतात.

शिफारसपत्रांचा आपल्याकडचा शिरस्ता तुला माहीत आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग सगळ्या पत्रांत ‘ती कष्टाळू, नम्र आणि प्रामाणिक आहे.’ असं एक पत्र वाचलं की पुढचं मी वाचतच नाही. सरांसमोर बसून एक केस आठवून दे: अमुक रात्री घोणस चावलेला माणूस आला होता, रक्त गोठत नव्हतं, मी नळीत रक्त घेऊन २० मिनिटं बघत बसले होते. सरांना आठवलं, की ते स्वतःच्या शब्दांत चार ओळी सांगतील. त्याच चार ओळी टाइप करून आण. कॉलेजचं पत्र, आरोग्य विद्यापीठाची (एमयूएचएस) मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट यांच्या मागे मात्र आत्तापासून लाग. क्लार्क रजेवर आहे म्हणून ज्यांचा अर्ज नोव्हेंबरात गेला, अशा मुली मला ठाऊक आहेत. एक तर मीच.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये ११० अर्ज, दोन मुलाखती, अनमॅच. सोपमध्येही काही नाही. घरी अजून नीट सांगितलेलं नाही, ‘प्रोसेस चालू आहे’ म्हणतो. दुसऱ्यांदा करावं का? — बी. एस., नाशिक

मार्च २०१०. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला मामेबहिणीकडे. सोमवारी दुपारी स्क्रीनवर वाक्य आलं, की मी कुठेच जुळले नाही. बहीण कामावर, तिचा सहा वर्षांचा मुलगा शेजारी कार्टून बघत होता. मी त्याला वरणभात भरवला.

तेव्हा ‘सोप’ (मॅचमध्ये उरलेल्या जागा भरण्याची व्यवस्था) नव्हतं. ते २०१२मध्ये आलं. आमच्या वेळी ‘स्क्रॅम्बल’ होतं. मंगळवारी दुपारी रिकाम्या जागांची यादी फुटायची आणि देशभरची अनमॅच मुलं एकाच मिनिटाला तेच फोन आणि तेच फॅक्स लावायची. ओक ट्री रोडवर एका गुजराती काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे मी १४ पानांचा अर्ज घेऊन उभी. फॅक्स एंगेज. पुन्हा लाव. एंगेज. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात कोऑर्डिनेटरने फोन उचलला आणि म्हणाली, ‘बाळा, वीस मिनिटांपूर्वी भरली.’ काकांनी शेवटी पैसे घेतले नाहीत. त्याचंच जास्त रडू आलं. तुमचं सोप त्या मानाने शिस्तीचं: ४५ अर्ज, हॉस्पिटलने आधी संपर्क करायचा, आपण फोन करायचा नाही, गुरुवारी फेऱ्यांमध्ये ऑफर. पण पोटात कालवतं ते तेवढंच.

त्या वर्षी माझं काय चुकलं होतं, हे मला ऑगस्टमध्ये कळलं, कारण तोपर्यंत मी नशिबाला दोष देत होते. फक्त ३४ अर्ज केले होते, निम्मे मोठमोठ्या विद्यापीठांना, कारण बीडमध्ये सांगायला नाव बरं दिसेल. अर्ज गेला नोव्हेंबरात. मुलाखत एकच, तिथे ‘आमचंच हॉस्पिटल का?’ या प्रश्नावर मी त्यांच्याच वेबसाइटचं पहिलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं.

तुझ्या ११० अर्जांना दोन मुलाखती म्हणजे बिघाड अर्जात आहे, मुलाखतीत नाही. आठ-दहा मुलाखती होऊन अनमॅच असतास तर मी उलटं म्हणाले असते. तेव्हा हे बघ: ११०पैकी किती हॉस्पिटलं तुझा व्हिसा काढतात? किती तुझ्या पदवीच्या वर्षाला घेतात? मी पैजेवर सांगते, निम्म्यांनी तुझा अर्ज उघडलाच नाही. यादी नव्याने कर. स्टेप थ्री देऊन टाक. ती अमेरिकेतच होते, प्रवास करावा लागेल, पण आणखी एक परीक्षा पास झाल्याचं दिसतं. आणि मधलं वर्ष रिकामं ठेवू नकोस. घरी बसून ‘तयारी’ हे अर्जात भोकासारखं दिसतं. मी परत येऊन आठ महिने ग्रामीण रुग्णालयात नोकरी केली, बाळंतपणं आणि कुत्रा चावल्याची इंजेक्शनं. दुसऱ्या खेपेला अर्ज उघडल्या दिवशी पाठवला, छोट्या कम्युनिटी हॉस्पिटलांना. ब्रॉन्क्समधल्या एकाने घेतलं. ११ मुलाखती झाल्या होत्या, माझं सातव्या क्रमांकावर जुळलं. ते सातवं मी यादीतून गाळणार होते.

दुसऱ्यांदा कर. तिसऱ्यांदाही अनमॅच झालास तर मला पुन्हा लिही, तेव्हा मी वेगळं बोलेन. इकडे एमडी करणं हा काही पराभव नाही. आणि घरी सांग. ‘प्रोसेस चालू आहे’ हे वाक्य आईला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

प्रश्न : आम्ही दोघंही डॉक्टर, नुकतंच लग्न झालंय. एकत्र मॅच होता येतं का? जे-वन घ्यावा की एच-वन-बी? — पुणे

होता येतं. दोघांच्या याद्या जोडीने बांधता येतात: पहिली जोडी ‘दोघंही क्लीव्हलँड’, दुसरी ‘ती क्लीव्हलँड, तो अॅक्रन’, असं शे-दीडशे ओळींपर्यंत. एका ओळीतलं एकाचं जरी जुळलं नाही तरी ती ओळ गेली. ‘एकाचं जुळलं, दुसऱ्याचं नाही’ अशाही ओळी शेवटी घालता येतात. त्या घालायच्या का, यावर आधी एकमेकांशी भांडून घ्या. फेब्रुवारीत भांडण्यापेक्षा ते बरं.

व्हिसा. जे-वन शिकण्यासाठीचा, एच-वन-बी नोकरीचा. जे-वन ईसीएफएमजी पुरस्कृत करते, दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, जास्तीत जास्त सात वर्षं मिळतात, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. ती अट माफ करून घ्यायचा रुळलेला रस्ता म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा. मी कॅन्ससमधल्या एका गावात केली. धान्याचं कोठार, एक चर्च, एक हॉस्पिटल आणि मी. पहिल्या हिवाळ्यात मी भिंतींशी मराठीत बोलायचे. दुसऱ्या हिवाळ्यात पेशंट मला घरची अंडी आणून द्यायला लागले, तेव्हा एकदम अंबाजोगाईला आल्यासारखं वाटलं.

एच-वन-बीला परत जायची अट नाही, पण आधी स्टेप थ्री पास असावी लागते आणि फार थोडी हॉस्पिटलं तो देतात. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. एका रेसिडेंटपायी एवढे पैसे साधं कम्युनिटी हॉस्पिटल घालेल, असं मला वाटत नाही. जे-वनलाही खाचखळगे आहेत: २०२५मध्ये २७ मेपासून १८ जूनपर्यंत नव्या मुलाखतींच्या तारखाच थांबवल्या होत्या, आणि रेसिडेन्सी १ जुलैला सुरू होते. आमच्याकडे जुळलेली एक मुलगी मुंबईच्या वकिलातीची वेबसाइट रात्री तीनला उठून बघायची. म्हणून व्हिसाची पहिली तारीख मिळेल ती घ्या, मुहूर्त बघू नका.

प्रश्न : मी एमडी मेडिसिन, इचलकरंजीत ११ वर्षं स्वतःचं हॉस्पिटल. पत्नी नॅशव्हिलला, मलाही ग्रीन कार्ड मिळालंय. पुन्हा रेसिडेन्सी करावीच लागेल का? वय ४२.

डॉक्टर, बहुतेक राज्यांत हो, पहिल्या वर्षापासून. ज्या मुलांना तुम्ही शिकवलं असतं, ती तुम्हाला राउंडवर प्रश्न विचारतील. आमच्याकडे पेशावरचे एक हृदयरोगतज्ज्ञ ४५व्या वर्षी इंटर्न होते. रात्री ईसीजी घेऊन सगळे त्यांच्याकडे धावायचे, आणि सकाळी डिस्चार्जचे कागद मात्र तेच भरायचे.

पण तुम्ही नेमके बऱ्या राज्यात जाताय. नॅशव्हिल टेनेसीत येतं. टेनेसीने २०२३मध्ये कायदा केला आणि २०२४च्या जुलैपासून तो लागू आहे: परदेशात पूर्ण शिकलेल्या, अनुभवी डॉक्टरला तिथल्या ठरावीक हॉस्पिटलात नोकरी मिळाली तर तात्पुरता परवाना, आणि दोन वर्षांनी कायमचा. स्टेप परीक्षा आणि ईसीएफएमजी प्रमाणपत्र तरीही लागतंच. आणखी एक मेख आहे. परवाना मिळणं वेगळं आणि अमेरिकन बोर्डाची मान्यता मिळणं वेगळं. ती मान्यता साधारणपणे तिथली रेसिडेन्सी केल्यावरच मिळते, आणि कित्येक हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या तीच विचारतात. म्हणून स्टेप टूचा अभ्यास आजच सुरू करा, दोन्ही रस्त्यांना ती लागणारच आहे. आणि इचलकरंजीचं हॉस्पिटल विकू नका. भाड्याने द्या.

प्रश्न : मुलीचं या मार्चमध्ये मॅच आहे. ती काही सांगत नाही, विचारलं की चिडते. निकाल नेमका किती वाजता लागतो तेवढं कळवा. देवाजवळ दिवा लावून ठेवते. — आई, सातारा

सोमवारी, १६ मार्च २०२६ला, तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. अगदी दिवेलागणीची वेळ. त्या मेलमध्ये एवढंच असतं, की जुळलं की नाही. कुठे, ते शुक्रवारी रात्री साडेनऊला. म्हणजे जुळलं असलं तरी मधले चार दिवस ती तुमच्या घरात येरझाऱ्या घालणार. तेव्हा बहिणींना, जावांना, शेजाऱ्यांना काही सांगू नका, ‘कुठे गं?’ हा प्रश्न तिला ४० जण विचारतील आणि तिलाच माहीत नसेल.

सोमवारी तिला सात वाजता जेवायला वाढा. साडेसातनंतर, काहीही आलं तरी, ती जेवणार नाही.